पंचायतीच्या वाचनालयातल्या आक्कांना

आदरणीय आक्का,
सप्रेम नमस्कार.

पोरांच्या त्या वाचनाच्या दिवसाबद्दल फोनवर आभार मानले असते तर तुम्ही "अय्य, अदक्केन बिड्री" (त्याचं काय एवढं, सोडा) म्हणून विषय बदलला असता आणि धाकट्यानं नेलेली पुस्तकं अजून का आली नाहीत, हे विचारत बसला असता. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. आपल्या तालुक्यातल्या चार गावांनी वाचलं तर बरंच.

आमच्या घरची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे, पण वाचणाऱ्यांसाठी सांगतो. थोरली मराठी शाळेत जाते, धाकट्याला आम्ही कन्नड माध्यमात घातला. पुढं नोकरीला बरं पडेल, हा हिशेब. बेळगाव, खानापूर, निपाणीकडं असली घरं गल्लीगल्लीत आहेत. परिणाम असा झाला की एका छपराखालची दोन भावंडं एकमेकांची पुस्तकं उघडीनात. थोरली दारातल्या भाजीवालीशी फाडफाड कन्नड बोलायची, पण पुस्तकातलं कन्नड आलं की तिची जीभ जड व्हायची. धाकटा आजीशी मराठीत भांडायचा, आणि लग्नपत्रिका आली की ती बहिणीच्या हातात द्यायचा, "तू वाच की गे" म्हणून.

वाचनाची हौस आपल्या भागाला नाही असं कोण म्हणेल? बेळगावात १८४८ पासून सार्वजनिक वाचनालय आहे. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, गावोगावी साहित्य संमेलनं भरतात, ग्रंथदिंडी निघते. मी स्वतः मांडव घालायला असतो. पण खरं सांगायचं तर तिथं पोरं लेझीम खेळतात, पाहुण्यांना गुच्छ देतात आणि भाषणं सुरू झाली की मागं जाऊन खुर्च्यांवर चढतात. पोरांनी स्वतः वाचायचा दिवस आम्हाला कधी सुचला नाही. तो तुम्हाला सुचला.

पंचायतीच्या वाचनालयाला आता अरिवु केंद्र, म्हणजे ज्ञान केंद्र, म्हणतात. शाळेच्या पोरांना फुकट सभासद करून घ्यायची 'ओदुव बेळकु' (वाचनाचा उजेड) योजना २०२० साली आली, तेव्हा बऱ्याच ठिकाणी नोंदवहीत नावं चढली आणि काम तिथंच थांबलं. तुम्ही नावं चढवली आणि मग त्या नावांच्या घरी गेलात. कपाटात मराठी पुस्तकं जवळजवळ नव्हतीच, तर आमच्या माळ्यांवरून बालमासिकांचे जुने अंक, दिवाळी अंक खाली काढायला लावलेत. आमच्या माळ्यावरून उंदरांनी कुरतडलेलेच जास्त निघाले, पण तेही तुम्ही पुठ्ठा लावून घेतलेत.

आणि मग ते ३० एप्रिल. सुट्टी लागलेली, पोरं उंडारायला मोकळी. तारीख तुम्ही कुठून काढली ते त्या दिवशी सांगितलंत: अमेरिकेत पॅट मोरा नावाच्या कवयित्रीनं १९९६ मध्ये कल्पना मांडली की मुलांचा आणि पुस्तकांचा एकच दिवस असावा आणि तो प्रत्येक घराच्या भाषेत साजरा व्हावा. मेक्सिकोत ३० एप्रिल हा बालदिन, म्हणून तीच तारीख. १९९७ पासून अमेरिकेतली वाचनालयं तो पाळतात. बाई इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हींत लिहितात, आणि त्यांचा जन्म टेक्सासमधल्या एल पासोचा, म्हणजे मेक्सिकोच्या अगदी सीमेवरचा. हे ऐकल्यावर मी मनात म्हटलं, हं, म्हणजे आपल्यातल्याच.

आता तुमच्या तक्त्यांविषयी, कारण खरं ऋण तिथं आहे. कन्नड बालगीत तुम्ही देवनागरीत लिहून टांगलंत, शेजारी तेच कन्नड लिपीत. मराठी गाण्याचंही तसंच, उलट्या बाजूनं. आमची बाराखडी आणि तुमचं कागुणित एकाच क्रमानं चालतं, तेव्हा गाणं तोंडात असलेलं पोर एका तक्त्यावरून बोट उचलून दुसऱ्यावर ठेवतं आणि बरोबर त्याच अक्षरावर येतं. थोरली ओत्तक्षरांना, म्हणजे कन्नडातल्या जोडाक्षरांना, घाबरायची. खाली लटकलेलं ते अक्षर आधी वाचायचं की नंतर, हेच कळेना. तुमच्याकडच्या पोरांनी त्याला 'पिल्लू' म्हणायला सुरुवात केली आणि भीती गेली. 'अक्का' लिहिताना क च्या पायाशी पिल्लू काढायचं. शाळेनं हेच वर्षभर शिकवलं होतं. पण तिथं मार्क होते, इथं गाणं होतं.

गाणंच का, हेही मला त्या दिवशी समजलं. कन्नडात ऱ्हस्व ए वेगळा, दीर्घ ए वेगळा, ओ चंही तसंच. मराठी कानाला तो फरक पटकन लागत नाही. 'ओंदु'तला (एक) ओ आखूड आणि 'ओदु'तला (वाच) लांब, हे नियम म्हणून सांगितलं तर पोरगं विसरतं. गाण्यात ओ लांबवला की टाळी चुकते, सगळे हसतात, आणि पुढच्या वेळी ते आपोआप आखूड म्हणतं. धाकट्याचं उलटं. चाकातला च आणि चारातला च त्याला कागदावर सारखाच दिसायचा. तोही टाळीनंच सुटला.

दुपारी तुम्ही म्हाताऱ्यांना बोलावलंत, तो भाग मला सगळ्यात आवडला. आमची आई जात्यावरच्या ओव्या म्हणायला आधी लाजली. "आता जातं कुठं हाय, कशाला ते," म्हणाली. मग शेजारच्या गल्लीतल्या अज्जींनी बीसुकल्लिन पद, म्हणजे जात्यावरचं कन्नड गाणं, सुरू केलं. ती तीन ओळींची त्रिपदी सौंदत्तीच्या यल्लम्माची होती. आईनं अर्ध्यातच मान डोलवली आणि स्वतःची यल्लम्माची ओवी लावली. दोघींच्या सासरची, माहेरची, डोंगर चढायची वाट एकच. धाकटा समोर वही घेऊन बसला होता आणि आईची ओवी कन्नड लिपीत उतरवत होता. कारण त्याला तीच येत होती. संध्याकाळी थोरलीनं ती त्याच्याकडून देवनागरीत लिहून घेतली. भांडणं झाली, काना राहिला म्हणून दोन चापट्याही बसल्या, पण ओवी पूर्ण झाली.

पोरांनी मिळून जोडलेलं गाणं अजून आमच्या भिंतीवर आहे:

मळे बंतु, पाऊस आला,
रताळ्याचा वेल न्हाला,
होलदल्लि नीर भारी,
आजी म्हणते, चल गे घरी!

तिसरी ओळ म्हणजे शेतात पाणी भारी. व्याकरणवाल्यांनी कपाळाला हात लावावा असलं आहे. तुम्ही "भाळ छलो!" (लई छान) म्हणालात आणि टाचणीनं लावून टाकलंत.

भिंतीवर दोन फोटो होते, इंदिरा संत आणि द. रा. बेंद्रे. आयुष्याची कितीतरी वर्षं बेळगावात काढलेल्या इंदिराबाई आम्हाला माहीत होत्या. पण १९७३ चं ज्ञानपीठ मिळवणाऱ्या कन्नडच्या या थोर कवीच्या घरची भाषा मराठी होती आणि त्यांनी मराठीतही लिहिलं, हे आमच्या थोरलीला तुम्ही सांगितलंत. ती घरी येऊन मलाच विचारत होती, "बाबा, तुम्हाला ठाऊक होतं?"

तुम्हाला बोलणी बसली, तेही मला माहीत आहे. एकानं विचारलं, सरकारी वाचनालयात मराठी तक्ते कशाला? दुसऱ्या बाजूच्यानं विचारलं, मराठी पोरांच्या तोंडी कन्नड गाणी कशाला? तुम्ही दोघांनाही चहा पाजलात आणि नावांच्या यादीत दोघांचीही नातवंडं दाखवलीत. आक्का, सीमाप्रश्नावर माझं मत आहे आणि ते मी सोडलेलं नाही. १ नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, मी काळ्या दिनाच्या फेरीत असतो ते तुम्हाला ठाऊक आहे. तरी तुम्ही मला कधी त्यावरून तोडून बोलला नाहीत. महाराष्ट्रानं २००४ मध्ये सुप्रीम कोर्टात दावा घातला, त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर पोरांची दुसरी-तिसरी निघून जाते, आणि ती वर्षं कुठलंही कोर्ट परत देत नाही.

धाकटा आता लग्नपत्रिका स्वतः वाचतो. मुहूर्ताची वेळ अजून चुकवतो, आणि आम्ही त्याच्या भरवशावर एकदा जेवणाच्या पंगतीलाच पोचलो, ते असो. थोरली त्याच्या कन्नड पुस्तकातल्या कविता त्याच्याआधी पाठ करून त्याला चिडवते.

यंदा मांडव आणि लाऊडस्पीकर आमच्याकडं लागला. आईनं ओव्यांची आणखी एक जोडीदारीण शोधून ठेवली आहे, खानापूरकडची. तक्त्यांना जाड कागद आणि मार्कर किती लागतील तेवढं कळवा, पुढच्या बाजाराला जाईन तेव्हा घेऊन येतो. आणि ती दोन पुस्तकं सापडली, धाकट्याच्या गादीखाली होती. उद्याच पाठवतो.

आपला,
तुमच्या वाचनालयातल्या दोन सभासदांचा बाप