काळ्या समुद्राची वाळू आणि मंगळाची

हिलो, हवाई बेट
१८ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार.

मंगळ तांबडा असतो हे तुम्हीच आम्हाला भूगोलाच्या तासाला शिकवलेत, मग तिथल्या वाळूच्या टेकड्या फोटोत काळ्याभोर कशा, आणि ती वाळू आपल्या रत्नागिरीच्या मांडवीच्या काळ्या समुद्रावरच्या वाळूसारखीच आहे का, असे तुम्ही परवा विचारलेत आणि नेमका तेव्हाच फोन कट झाला. तो लागला असता तरी हे सगळे फोनवर नीट सांगता आले नसते, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

निम्मे उत्तर आपल्या परड्यातच आहे. विहीर खणताना वर जांभा लागला होता आणि त्याच्या खाली काळा कातळ. जांभा हे त्याच कातळाचे, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याच्या बेसॉल्टचे, लक्षावधी वर्षांच्या पावसाने झालेले रूप आहे. त्यातली विरघळणारी द्रव्ये धुऊन गेली, लोह मागे राहिले आणि गंजून तांबडे झाले. मंगळावरचा तांबडेपणा हाही लोहाच्या गंजाचाच आहे, पण तो मुख्यतः पिठासारख्या बारीक धुळीत आहे आणि ती धूळ सगळीकडे पांघरुणासारखी पसरलेली आहे. वाळू मात्र बेसॉल्टचा जाडसर चुरा आहे आणि वाऱ्याने ती सतत हलत असल्यामुळे तिच्या अंगावर धूळ टिकत नाही. हायगेन्स या डच खगोलशास्त्रज्ञाने १६५९ साली मंगळाचे चित्र काढताना जो काळा डाग टिपला, तो असल्याच बेसॉल्टी प्रदेशाचा होता. असे डाग ऋतूंप्रमाणे बदलतात म्हणून तिथे वनस्पती असावी, असे पुढे बरीच वर्षे मानले जात होते. प्रत्यक्षात वारा कधी धूळ आणून टाकतो आणि कधी झाडून नेतो, एवढाच तो प्रकार आहे.

हे नुसते दुर्बिणीने पाहून ठरलेले नाही. नासाचा क्युरिऑसिटी रोव्हर, म्हणजे चाकांवर फिरणारे यंत्र, मंगळावरच्या गेल विवरात २०१२ साली उतरला आणि २०१५ च्या अखेरीस बॅगनॉल्ड नावाच्या टेकड्यांपाशी पोचला. राल्फ बॅगनॉल्ड हे ब्रिटिश सैन्यातले अभियंते. लिबियाच्या वाळवंटात मोटारी घेऊन हिंडता हिंडता वारा वाळू कशी वाहून नेतो याचे शास्त्रच त्यांनी उभे केले, म्हणून हे नाव. या टेकड्या पृथ्वीच्या एका वर्षात जास्तीत जास्त सुमारे एक मीटर सरकतात. जानेवारी २०१६ मध्ये रोव्हरने त्यांतल्या एका टेकडीची वाळू खोऱ्याने उचलली, १५० मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या साधारण सातव्या भागाएवढ्या भोकांच्या चाळणीतून चाळली आणि तिची चिमूट पोटातल्या उपकरणात टाकली. त्या उपकरणात वाळू थरथरवत ठेवतात, म्हणजे कण कुशी बदलत राहतात, आणि तिच्यातून क्ष-किरण सोडतात. प्रत्येक खनिजातली अणूंची मांडणी वेगळी, त्यामुळे किरण ठरावीक कोनांतच वळतात आणि पलीकडे एकात एक कडी उमटतात. कड्यांच्या जागांवरून खनिज कोणते ते कळते आणि ठळकपणावरून ते किती आहे ते.

स्फटिकी भागात, म्हणजे अणूंची अशी नीट मांडणी असलेल्या भागात, सर्वांत जास्त निघाले प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार हे फिकट रंगाचे खनिज. त्याच्या खालोखाल सुमारे एक चतुर्थांश ऑलिव्हीन हे हिरवट खनिज, मग दोन जातींचे पायरॉक्सीन, आणि थोडे थोडे मॅग्नेटाइट, हेमॅटाइट, ॲनहायड्राइट व क्वार्ट्झ. मला खरे कुतूहल आहे ते उरलेल्या भागाचे. सगळ्या नमुन्याचा साधारण एक तृतीयांश भाग स्फटिकीच नाही, म्हणून त्याची कडी उमटत नाहीत, नुसता पसरट फुगवटा दिसतो. त्यात ज्वालामुखीची काच किती आणि झिजेतून झालेले पदार्थ किती, हे हे यंत्र वेगळे करून सांगू शकत नाही, आणि मोजमापातली अनिश्चितताही चांगली मोठी आहे. शिवाय चाळणीवर राहिलेले जाड कण या हिशोबात धरलेलेच नाहीत, हे वर्तमानपत्रात कोणी लिहीत नाही. (मंगळावरची सगळी काळी वाळू एकसारखी आहे असेही समजू नका, उत्तर ध्रुवाजवळच्या टेकड्यांत २००५ साली जिप्सम नावाचे वेगळेच खनिज सापडले.)

ऑलिव्हीन मी गेल्या महिन्यात हातात घेऊन पाहिले. या बेटाच्या दक्षिण टोकाजवळ पापाकोलेया नावाचा किनारा आहे, तिथली वाळू मेहंदीच्या ओल्या पानासारखी हिरवी दिसते. भिंगाखाली धरली तर कण अगदी काचेचे, फिकट हिरवे, आणि मध्येच एखादा काळा कण. शेजारची ज्वालामुखीची टेकडी समुद्राने पोखरली, राखेचे हलके कण लाटांनी नेले आणि जड ऑलिव्हीन मागे ठेवले. आजी सुपात तांदूळ पाखडते तसेच. वाळू उचलून न्यायला इथे कायद्याने बंदी आहे, त्यामुळे तुमच्यासाठी डबी भरून आणता आली नाही.

आता मांडवी. तिथेही समुद्राने पाखडलेच आहे, पण सुपात राहिले ते इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट, म्हणजे टायटॅनियमचे आणि लोहाचे जड ऑक्साइड. आपल्या कातळात ऑलिव्हीन थोडेफार असते, पण पाण्यापुढे त्याचा टिकाव लागत नाही. कोकणातल्या पावसात त्याची माती होते. तेव्हा दोन्ही वाळवांचे घराणे बेसॉल्टचेच असले, तरी मांडवीची वाळू धुऊन निवडलेली आहे आणि मंगळाची जवळपास न निवडलेली, कातळ कुटून तसाच ठेवावा तशी. गेल विवरात एके काळी पाणी होते, याच्या खुणा तिथल्या जुन्या खडकांतल्या चिकणमातीत आहेत. पण या वाळूत एवढे ऑलिव्हीन शाबूत आहे, त्या अर्थी तिने फारसे पाणी पाहिलेले नाही. म्हणून तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर "नाही" असेच आहे.

पटत नसेल तर माळ्यावरच्या जुन्या रेडिओच्या स्पीकरमधले लोहचुंबक काढा, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा (नाहीतर चिकटलेले कण सुटता सुटत नाहीत) आणि मांडवीच्या कोरड्या वाळूतून फिरवा. मॅग्नेटाइट चटकन दाढीसारखे उभे राहील. इल्मेनाइटला मात्र जास्त ताकदीचे चुंबक लागते. मंगळाच्या वाळूतून असे चुंबक फिरवले तर बरीचशी वाळू खालीच राहील. किती चिकटले ते चमच्याने मोजून पुढच्या फोनला सांगा.

आईला व आजीला नमस्कार.

तुमची,
मनू