नऊ पुस्तके मिळाली, नऊ खंड नव्हे

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
जुनी व दुर्मीळ पुस्तके विभाग,
मुंबई

अमरावती, दि. ६ ऑगस्ट २०२५

विषय: लिंकन यांच्या समग्र लेखनाच्या संचातला सहावा खंड न मिळणे आणि तक्रार परस्पर बंद करणे

स.न.वि.वि.

याआधी आपल्याला इंग्रजीत तीन ई-मेल पाठवले. तिन्हींना एकाच साच्यातले उत्तर आले. आपल्या संकेतस्थळावर ‘मराठीतही संपर्क साधा’ असे लिहिलेले दिसले, म्हणून आता मराठीत लिहितो. निदान वाचणारा माणूस असेल.

११ जूनला मी आपल्याकडून रॉय बासलर यांनी संपादित केलेला अब्राहम लिंकन यांच्या समग्र लेखनाचा संच मागवला. रटगर्स विद्यापीठाच्या प्रेसने १९५३ साली काढलेले आठ खंड आणि १९५५ ची सूची, असे मिळून नऊ. आपल्या यादीत ‘९ खंड, पूर्ण संच, स्थिती व्हेरी गुड’ असे छापले होते. किंमत १६,२०० रुपये, पाठवणीचे ६४० वेगळे. सगळे पैसे आगाऊ भरले.

३ जुलैला भर पावसात खोके आले. (योगायोग असा की तो अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या लढाईच्या तिसऱ्या दिवसाचा स्मृतिदिन. असल्या गोष्टी मला लगेच आठवतात, घरच्यांना त्याचा त्रास होतो.) खोक्यात पुस्तके नऊच होती. टेबलावर ओळीने लावली तर आकडे असे लागले: एक, दोन, तीन, चार, पाच, पाच, सात, आठ आणि सूची.

पाच दोनदा आहे. सहा नाही.

आपल्या गोदामात कुणीतरी पुस्तके मोजली, नऊ भरली, चिकटपट्टी मारली. मोजणाऱ्याला दोष देत नाही, त्याला पुस्तकांच्या पाठीवरचे रोमन आकडे कुणी शिकवले नसतील. माझी तक्रार त्यानंतर जे झाले त्याबद्दल आहे.

४ जुलैला मी फोटोंसह कळवले. आपल्या माणसाने फोनवर अगदी अदबीने सांगितले, “काळजी करू नका सर, व्हॉल्यूम सिक्स पाठवतो.” २१ जुलैला पार्सल आले. त्यात सहावा खंड होता, पण भलत्याच ग्रंथाचा! जॉन निकोले आणि जॉन हे या जोडीने लिहिलेले लिंकनचरित्र १८९० मध्ये दहा खंडांत निघाले होते. त्यातल्या सहाव्याचे हल्ली मागणीनुसार छापून देतात तसले पुनर्मुद्रण आपण पाठवले. स्कॅन करणाऱ्याचा अंगठा दोन पानांवर छापून आला आहे आणि नकाशे कोळशाने सारवल्यासारखे आहेत. वरात वेळेवर आली, नवरदेव मात्र दुसऱ्याच मांडवातला.

यावर आपले उत्तर असे की मागणी ‘लिंकन, व्हॉल्यूम सिक्स’ अशी होती आणि ती पूर्ण झाली. तेव्हा हे दोन सहावे एक का नाहीत ते सांगायलाच हवे. ते चरित्र लिहिणारे दोघे लिंकन यांचे खासगी सचिव. लिंकन यांचे कागदपत्र मुलाच्या, रॉबर्टच्या ताब्यात होते. त्याने ते या दोघांना वापरू दिले, आणि त्यांचा मजकूर छापण्याआधी स्वतः वाचून काही ठिकाणी बदलायलाही लावला. पुढे हे कागद वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला मिळाले ते रॉबर्टच्या मृत्यूनंतर एकवीस वर्षे बंद ठेवायच्या अटीवर. तो १९२६ च्या २६ जुलैला गेला, कागद १९४७ च्या २६ जुलैला उघडले. त्यानंतर सहा वर्षांनी बासलर यांचे खंड आले. म्हणजे एका सहाव्यात सचिवांनी सांगितलेली हकिकत आहे आणि दुसऱ्यात राष्ट्राध्यक्षांची स्वतःची पत्रे, तारा, हुकूम, खाडाखोड केलेले मसुदे. ज्ञानेश्वरी मागवावी आणि ज्ञानेश्वरांचे चरित्र यावे, तसे झाले.

२४ जुलैला आपले शेवटचे उत्तर आले. नऊपैकी एक पुस्तक ‘संबंधित नसल्याने’ किमतीचा नववा हिस्सा, म्हणजे १,८०० रुपये, कुपनाच्या रूपाने जमा केले आहेत आणि तक्रार ‘समाधानकारकरीत्या बंद’ करण्यात येत आहे. समाधान कुणाचे झाले ते लिहिलेले नाही. भागाकार बरोबर आहे, एवढे मान्य करतो.

हा सहावा खंड मला इतका का हवा आहे, ते आता लिहितो. आमचे आजोबा इथल्या एका जिनिंगमध्ये हिशेबनीस होते. घरात कापसाच्या भावाशिवाय दुसरे बोलणे नसे, आणि त्यात ‘अमेरिकेच्या लढाईत भाव चढला होता’ हे वाक्य दर दिवाळीला एकदा तरी निघे. लढाई आजोबांच्या जन्माआधीची, तरी ती घरात होती. पुढे मी शाळेत इतिहास शिकवायला लागलो तेव्हा त्या वाक्याचा पाठलाग सुरू केला. एप्रिल १८६१ मध्ये लिंकन यांनी फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. ब्रिटनच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक तिकडूनच यायचा, तो आटला. मग त्यांची नजर वऱ्हाड, खानदेश आणि गुजरातच्या कापसाकडे वळली. मुंबईत पैशाचा पूर आला, कापसाचे दलाल प्रेमचंद रायचंद यांचे राज्य झाले, समुद्र हटवून जमीन काढायच्या कंपन्यांचे शेअर आकाशाला भिडले. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचे सेनापती जनरल ली शरण गेले, भाव कोसळले, १ जुलै १८६५ रोजी वायदे पुरे करायची वेळ आली आणि बड्या बड्या पेढ्या बसल्या. बँक ऑफ बॉम्बेसुद्धा त्यातून वाचली नाही.

आता याच साखळीची मधली कडी पाहा. मँचेस्टरच्या गिरण्या कापसावाचून बंद पडल्या होत्या, मजूर उपाशी होते. तरी ३१ डिसेंबर १८६२ रोजी तिथल्या कामगारांनी सभा भरवून गुलामगिरीविरुद्धच्या लढ्यासाठी लिंकन यांना पाठिंब्याचे पत्र धाडले. दुसऱ्याच दिवशी लिंकन यांचा गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा लागू झाला. १९ जानेवारी १८६३ ला लिंकन यांनी त्या कामगारांना उत्तर लिहिले. त्यांचे हाल आपल्याला ठाऊक आहेत, त्याचे दुःख वाटते, असे त्यात आहे. त्या पोटाच्या खळगीवर आमचा कापूस महाग झाला होता, हे मला त्या उत्तराबद्दल पहिल्यांदा वाचले तेव्हा कळले, आणि आजोबांचे वाक्य तेव्हापासून तितके गोड लागत नाही.

ते उत्तर सहाव्या खंडात, पान ६३ पासून आहे. जाहीरनामा पान २८ ला. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांना अर्पण केली, त्यांच्या गुलाममुक्तीच्या कामाचा दस्तऐवज म्हणजे हाच जाहीरनामा. डिसेंबर १८६२ ते नोव्हेंबर १८६३ हे सगळे वर्ष त्या एका खंडात आहे, आणि आपण मला पाठवलेला संच नेमका त्या वर्षी मुका होतो. सूची तर छळतेच. काहीही शोधायला काढावे, तिचे बोट हटकून सहाव्याकडे.

आपल्या दुसऱ्या एका प्रतिनिधीने सुचवले की हे सगळे ऑनलाइन फुकट वाचता येते. येते, मिशिगन विद्यापीठाने ठेवले आहे, पानांचे आकडे मी तिथूनच दिले. पण मग फुकट मिळणारी वस्तू आपण १६,२०० ला का विकता, असे मी विचारले. त्यावर त्यांनी मला होल्डवर ठेवले.

स्थितीबद्दल थोडक्यात. ‘व्हेरी गुड’ म्हणून आलेल्या आठ पुस्तकांवर ओहायोमधल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयाचा निळा शिक्का आहे, पाठीवर पांढऱ्या शाईत क्रमांक आहे, मागच्या पुठ्ठ्याला कार्डाचे पाकीट आहे. हे यादीत लिहायला हवे होते. खरे सांगायचे तर मला त्याचे वावडे नाही. माझ्याकडची दीडशेच्या आसपास पुस्तके सगळी जुनीच घेतलेली आहेत, मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवरून, रद्दीच्या दुकानांतून, कुणाकुणाच्या घर आवरण्यातून. चौथ्या खंडातल्या तारखांच्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का १९७१ चा आहे. म्हणजे तिथे कित्येक वर्षे कुणी तो उघडलाच नव्हता, हे पाहून मला जरा त्या खंडाची दयाच आली. आठवा खंड मात्र खालून ओला होता. खोक्याला आतून प्लास्टिक नव्हते. पानांत कोरे कागद घालून चार दिवस पंख्याखाली ठेवला, आता वाचण्याजोगा आहे, पुठ्ठा मात्र वाकडा झाला तो झालाच. त्याचे पैसे मागत नाही.

तीन वर्षांपूर्वी मी आपल्याकडूनच कार्ल सँडबर्ग यांचे लिंकनच्या युद्धकाळावरचे १९३९ चे चार खंड घेतले होते. तेव्हा प्रत्येक खंड वेगळ्या कागदात गुंडाळून आला होता आणि पहिल्याचा कोपरा दुमडलेला आहे हे आपण आधी फोन करून कळवले होते. ज्यांनी तो फोन केला ते अजून आपल्याकडे असतील तर हे पत्र कृपया त्यांच्याकडे द्या.

कारण सहावा खंड कुठे आहे, याचा माझा एक अंदाज आहे. जादा आलेल्या पाचव्या खंडावर ओहायोचा शिक्का नाही. पाठीवर क्रमांक नाही, उलट त्याचे कागदी वेष्टण शाबूत आहे आणि आत पेन्सिलीने डॉलरमध्ये किंमत लिहिलेली आहे. म्हणजे तो दुसऱ्याच संचातला, कुणाच्या तरी घरचा. आपल्या मांडणीवर दोन संच शेजारी असणार आणि V नि VI यांची अदलाबदल झाली असणार. तसे असेल तर तुमच्याकडे, किंवा तुमच्या दुसऱ्या एखाद्या गिऱ्हाइकाकडे, असा एक संच आहे ज्यात पाचवा नाही आणि सहावे दोन आहेत. त्यांतला निळ्या शिक्क्याचा, पाठीवर पांढरा क्रमांक असलेला सहावा माझा. तो गृहस्थही कदाचित अशाच पत्राच्या तयारीत असेल.

माझे म्हणणे असे. तो खंड शोधून पाठवावा. तोच मिळाला नाही तर याच आवृत्तीचा दुसरा सहावा चालेल, शिक्के असोत, वेष्टण नसो, फक्त पाने पूर्ण हवीत. जादा पाचवा आणि ते अंगठ्याचे पुनर्मुद्रण आपल्या खर्चाने परत न्यावे. दोन्ही बांधून ठेवले आहेत. हे जमणार नसेल तर सगळा संच परत घ्यावा आणि पाठवणीसह १६,८४० रुपये माझ्या बँक खात्यात जमा करावेत. कुपन नको. सहाव्यावाचून उरलेल्या आठांची किंमत माझ्या लेखी आठ-नवमांश होत नाही, आणि तसा संच उद्या आपण परत विकायला काढला तर आपल्याही लेखी होणार नाही.

ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याच्या आत व्हायला हवे. माझी पहिली तक्रार ४ जुलैची, म्हणजे महिना उलटला. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवस थांबेन. मग इथल्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज देईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे त्यासाठी मुंबईला यावे लागत नाही.

याच पत्राचा एक आधीचा मसुदाही आहे, २४ जुलैच्या रात्री लिहिलेला. तो पाठवला नाही. गेटिसबर्गनंतर शत्रू निसटू दिला म्हणून लिंकन यांनी १४ जुलै १८६३ ला आपल्याच सैन्यातल्या जनरल मीड यांना असेच एक जळजळीत पत्र लिहिले आणि ‘पाठवले नाही, सही केली नाही’ असा शेरा मारून ठेवून दिले. त्याच्या आदल्याच दिवशी जनरल ग्रँट यांना लिहिलेल्या पत्रात, व्हिक्सबर्गच्या मोहिमेच्या बाबतीत तुमचे बरोबर होते नि माझे चुकले, अशी कबुली त्यांनी देऊन टाकली होती. दोन्ही पत्रे छापली आहेत लागोपाठच्या पानांवर, ३२६ आणि ३२७. खंड अर्थात सहावा.

कळावे,

आपला,
एक जुना ग्राहक
(सही)

सोबत: पावतीची प्रत, नऊ पाठींचा एकत्र फोटो, दोन्ही पाचव्या खंडांच्या पहिल्या पानांचे फोटो, अंगठ्याचा फोटो.

ता. क. खंड पाठवताना आतून प्लास्टिक घालायला सांगा. इकडे पोळ्यापर्यंत पाऊस असतो.