आधी वेग द्यायचा, मग काढून घ्यायचा

ति. आई-बाबांना,
सा. न.

बाबा, फोनवर तुम्ही विचारलंत, की अकरा मिनिटांत अंतराळात जाऊन येणारे हौशी लोक आणि तीन दिवस पृथ्वीभोवती फिरणारे हौशी लोक यांत फरक काय? दोघेही वरच जातात ना? जातात, पण खरा फरक वेगाचा आहे. ब्लू ओरिजिन कंपनीचं यान शंभरेक किलोमीटरवर जातं आणि उंच फेकलेल्या चेंडूसारखं परत येतं. त्याला सेकंदाला साधारण एक किलोमीटर वेग पुरतो. पृथ्वीभोवती फिरत राहायचं तर साडेसात लागतो, म्हणजे मुंबईहून पुणे वीस सेकंदांत! वेग साडेसातपट झाला, की ऊर्जा पन्नासपटीच्या वर जाते. एवढा वेग आधी द्यायचा आणि मग तो सगळा काढून घ्यायचा. पैसा आणि धोका, दोन्ही त्यातच.

2021 च्या सप्टेंबरमधलं इन्स्पिरेशन-4 हे तीन दिवसांचं उड्डाण घ्या, स्पेसएक्स कंपनीच्या ड्रॅगन यानातलं. चौघांपैकी एकही व्यावसायिक अंतराळवीर नव्हता. उंची 585 किलोमीटर. तिथेही गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या 84 टक्के असतं बरं का. माणसं तरंगतात ती यानासकट सतत पडत असतात म्हणून. यान पडतं, पण वेगामुळे जमीन चुकवत राहतं.

माणसं आत बसल्यावर रॉकेटमध्ये इंधन भरतात, हे ऐकून तुम्ही दचकलात. कारण साधं आहे. हे यान वर नेणाऱ्या फाल्कन-9 रॉकेटमधला द्रव ऑक्सिजन उणे दोनशे अंशांच्याही खाली नेलेला असतो. जितका थंड तितका दाट, म्हणजे त्याच टाकीत जास्त मावतो. पण आधी भरून ठेवला तर तापतो, फुगतो. म्हणून भरणं सुरू होतं ते उड्डाणाला फक्त 35 मिनिटं उरल्यावर. त्याआधी यानाची सुटकेची आठ इंजिनं सज्ज करतात. खाली काही पेटलंच, तर ती यानाला रॉकेटवरून उचलून दूर नेतात.

आई, तुझा बाथरूमचा प्रश्न अजिबात बावळट नव्हता. तिथे पाण्याऐवजी पंख्याची हवा सगळं ओढून घेते. इन्स्पिरेशन-4 मध्ये लघवीच्या टाकीकडे जाणारी नळी सांध्यातून सुटली आणि सगळं पंख्याकडे जाऊन फरशीखाली पसरलं. ते नीट कळलं यान परतल्यावर. नळी नुसती चिकटवलेली होती. पुढे वेल्डिंगची केली. जेवणाबद्दल म्हणशील तर पहिले एक-दोन दिवस अर्ध्याहून जास्त जणांना मळमळतं, कारण डोळे एक सांगतात आणि कानातला तोल दुसरंच. पक्वान्नांची मिजास तिथे चालत नाही.

आता परतणं. यानाची इंजिनं वेग किंचितच कमी करतात, बाकीचा हवा खाते. यानापुढची हवा जोरात दाबली जाऊन बाहेर दीड-दोन हजार अंश तापमान होतं आणि काही मिनिटं संपर्क तुटतो. साडेपाच किलोमीटरवर दोन छोटी पॅराशूट उघडतात, पावणेदोनच्या आसपास चार मोठी. समुद्रात पडताना वेग उरतो ताशी पंचवीस किलोमीटर, आपल्या गल्लीतल्या स्कूटरएवढा. 2021 च्याच नोव्हेंबरमध्ये परतणाऱ्या दुसऱ्या एका ड्रॅगन यानाचं चौथं पॅराशूट उशिरा फुगलं, तरी ते सुखरूप उतरलं.

सगळ्यात जास्त ताटकळवतो तो समुद्र. एप्रिल 2022 मध्ये अ‍ॅक्सिअम-1 या खासगी उड्डाणाचे चौघे दहा दिवसांसाठी गेले आणि उतरायच्या जागी हवामान बिघडल्यामुळे सतरा दिवसांनी परतले. ते अंतराळ स्थानकात होते, म्हणून थांबता आलं. स्थानकाला न जोडलेल्या यानात हवा-पाण्याचा साठा मोजक्या दिवसांचा. त्यामुळे निघण्याआधीच परतीच्या दिवसाचा समुद्र बघावा लागतो. 2024 मध्ये पोलारिस डॉन हे असंच स्थानकाला न जोडलेलं उड्डाण मुख्यतः याच कारणाने ऑगस्टअखेरीचं सप्टेंबरवर गेलं.

तेव्हा बाबा, असं एखादं उड्डाण पुढे ढकललं की ‘रॉकेट बिघडलं वाटतं’ म्हणून आईला लगेच सांगू नका. आधी यान उतरायच्या समुद्रावरचं वारं बघा.

तुमची लेक