पासष्ट मॅच तरी

बेळगाव,
ता. १२ ऑक्टोबर २०२५

प्रिय सुन्या,

इकडं सगळे बरे. आईचा गुडघा आहे तसाच आहे, माझी शुगर गोळीवर गप बसून आहे. पुढं.

परवा आक्काचा पोरगा आला होता. त्याला सध्या आपल्या सॅन अँटोनियो स्पर्सच्या वेम्बनयामाशिवाय दुसरं काही दिसत नाही, बास्केटबॉलचं वेडच लागलंय. पाठीवर १ नंबर, मोबाइलवर तोच. जेवताना एकदम विचारतो, "मामा, २०१३ ची मायामीविरुद्धची फायनलमधली ती मॅच तू लाइव्ह बघितलास काय?" म्हटलं, व्हय. "मग लाव की."

आणि लेका, मी लावली. आपण हरलो त्या सकाळनंतर मी ती कधी बघितली नव्हती. तूपण बघितली नसशील. २८ सेकंद उरलेले, आपण पाचनं पुढं, आणि मैदानाच्या कडेला ते पिवळे दोर घेऊन आलेले लोक, आपल्याच बक्षीस समारंभासाठी! आपल्या कोचनं, पॉपनं, उंच डंकनलाच बाहेर बसवलेलं. आपल्या लेनर्डनं दोनातली एक फ्री थ्रो घालवलेली. मग मायामीच्या लेब्रॉनचा नेम चुकला, बॉल उडाला, कुणीतरी तो धरून मागं दिला आणि ॲलननं कोपऱ्यातून तीन घातले. ५.२ सेकंद बाकी असताना बरोबरी. मी अजूनही त्या जागी मान वळवतो. पोरगं हसायला लागलं. मग पॉज करून विचारतं, "हा बॉल धरून मागं पास दिला तो कोण?"

म्हटलं, मायामीचा बॉश.

"आता कुठं खेळतो?"

सुन्या, तिथं माझं अडलं, आणि तेच सांगायला हे पत्र. आपण त्या बॉशला किती शिव्या घातल्या होत्या. ओव्हरटाइमच्या शेवटी आपल्या ग्रीनचा शॉटही त्यानंच अडवला होता, तू तर त्याच्या सात पिढ्या काढल्या होत्यास. पुढं २०१५ मध्ये त्याच्या फुफ्फुसात रक्ताच्या गाठी निघाल्या. २०१६ च्या फेब्रुवारीनंतर तो एनबीएत पुन्हा उतरलाच नाही, वय जेमतेम एकतीस. आणि यंदाच्या फेब्रुवारीत आपल्या पोराच्या, वेम्बनयामाच्या, उजव्या खांद्यात तेच. गाठ. ऑल-स्टार मॅच खेळून आला आणि सीझन संपला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. हे बायकोला कसं सांगणार? सांगितलं तर म्हणते, "त्या फ्रान्सच्या पोराच्या खांद्याची एवढी काळजी आहे, तर आपल्या शुगरचा रिपोर्ट आणायला कधी जाणार?" बरोबर आहे तिचं. म्हणून तुला लिहितोय.

तू म्हणशील, जुलैमध्ये त्याला खेळायची परवानगी मिळाली, गाठ खांद्यापुरतीच होती, बॉशची गोष्ट वेगळी. मला सगळं पाठ आहे. उन्हाळ्यात तो चीनमध्ये शाओलिनला जाऊन डोकं भादरून राहिला, मग तुमच्या टेक्सासातल्या ह्यूस्टनला जुन्या दिग्गज ओलाजुवॉनकडं शिकला. ज्याचा खांदा दुखतोय तो असले उद्योग करत नाही, हेही कळतं. खरं कळून काय करायचं? गेल्या वर्षी तो ४६ मॅच खेळला. मॅचमागं सरासरी २४.३ गुण, ११ रिबाउंड म्हणजे उडालेले बॉल धरणं, ३.८ ब्लॉक म्हणजे अडवलेले शॉट. एवढे ब्लॉक काढणारा माणूस बक्षिसांच्या यादीतसुद्धा नाही, कारण त्यासाठी निदान पासष्ट मॅच खेळायचा नियम. मला यंदा दुसरं काही नको. पासष्ट मॅच तरी खेळू दे त्याला. कप नको, फायनल नको, पासष्ट.

आक्काच्या पोराला हे सांगितलं तर तो माझ्याकडं असं बघायला लागला की मी म्हातारा झालो. तो म्हणतो यंदा चॅम्पियन. ओक्लाहोमानं नाही काय केलं? म्हणतो त्यांचीपण पोरंच आहेत. आता ह्याला कोण सांगणार की त्यांनी आधी एका सीझनला २२ आणि पुढच्याला २४ मॅच जिंकून निमूट दिवस काढले, तेव्हा कुठं ६८ जिंकून कप आला. आपल्या गेल्या तीन सीझनचा हिशोब २२, २२, ३४. पश्चिम विभागात तेरावा नंबर. २०१९ नंतर प्लेऑफचं तोंड बघितलेलं नाही, त्याआधी सलग बावीस वर्षं चुकली नव्हती. पोरानं त्यातलं एकही वर्ष धड बघितलेलं नाही, म्हणून त्याला आशा फुकट मिळते. आपल्याला ती महाग पडते. आमच्या फाउंड्रीच्या शेडमध्ये नवीन आलेला पोरगा असाच असतो बघ, ओतलेलं कास्टिंग अजून लाल आहे आणि ह्याला मोल्ड फोडायची घाई. फोडलं की तडा. आपली पोरं बघ, वेम्बनयामा एकवीस, कॅसल वीस, हार्पर एकोणीस. थंड होऊ देत की जरा!

आता तुझ्या लाडक्या फॉक्सबद्दल. भांडण उकरून काढतोय असं समज, मला काही वाटत नाही. २२९ मिलियन डॉलर, चार वर्षांचा करार. मी पहिल्या दिवसापासून म्हणतोय. माणूस चांगला आहे, पळतोय वाऱ्यासारखा, मान्य. खरं तो गार्ड, म्हणजे बॉल पुढं आणणारा, कॅसल गार्ड, आणि नवीन खेळाडू निवडायच्या लॉटरीत दुसरा नंबर लागला तर घेतला कोण, तर हार्पर, तोपण गार्ड! तिघांच्याही हातात बॉल पाहिजे आणि बॉल एकच. तू फोनवर म्हणालास, "टॅलेंट आधी घ्यायचं, बसवायचं नंतर." ऐकायला गोड आहे. खरं त्यातला एकतरी तिनाच्या रेषेबाहेरून भरवशाचा आहे काय? कॅसलला गेल्या वर्षी रूकी ऑफ द इयर, म्हणजे सगळ्यात चांगल्या नवख्याचं बक्षीस मिळालं, पोरगं वाघ आहे, बचावात तर मला आपल्या सरांची आठवण येते, ते नाही काय कोपरानं बरगड्या मोजायचे. खरं बाहेरून त्याचे शंभरात तीससुद्धा जात नाहीत.

आणि ह्याचा खांद्याशी संबंध आहे, म्हणून एवढं लिहितोय. बाहेरून कोण मारत नाही म्हटल्यावर समोरचे पाचच्या पाच आत येऊन उभे राहणार. मग आमचं पोर रिंगखाली गेलं की तिघं अंगावर. प्रत्येक रिबाउंडला कुणाचा ना कुणाचा हात त्याच उजव्या खांद्यावर. फेकायचा हातही तोच. उंची सव्वासात फुटांच्या वर आणि अंग बघ कसं, आमच्या गल्लीतल्या मंडपाच्या वाशासारखं. म्हणून मला त्या कोर्नेटला आणलं ते बरं वाटलं. बोस्टनहून आलाय, देखणा खेळ नाही, खरं आत उभा राहून दणके खातो. असा एक माणूस पाहिजेच. आपल्यात जाड्या होता तसा. जाड्या नसता तर कॅम्पातल्या जवानांशी आपण तीसनं हरलो असतो. तसं वीसनं हरलोच म्हणा.

आता तर फॉक्सची हॅमस्ट्रिंग धरलीय, सुरुवातीला तो नाहीच असं दिसतंय. हार्परच्या अंगठ्यावर नुकतीच शस्त्रक्रिया झालेली. म्हणजे बॉल कॅसलनं आणायचा. मला आतून बरं वाटतंय हे तुला आवडणार नाही. फॉक्स पडावा असं नाही म्हणत मी, देव त्याला बरं करो आणि २२९ मिलियन लखलाभ होवोत. खरं चार मॅच ह्या पोरांना मोकळं सोडून तरी कळेल, काय आहे आणि काय नाही.

लेनर्डचं सांगतो, कारण तू मनातल्या मनात तिथंच पोचला असशील. २०१८ मध्ये गोवावेसला त्या टपरीवर तू चहाचे पैसे न देता उठून गेलास. तुझं म्हणणं, शरीर ज्याचं त्याचं. दुखतंय की नाही हे टीमच्या डॉक्टरनं नाही, खेळणाऱ्यानं सांगायचं. मी म्हणत होतो, सगळ्या सीझनमध्ये नऊ मॅच खेळून वर दुसऱ्या टीमकडं जायचं हे काय शोभतं? गेला आणि पुढच्याच वर्षी टोरांटोला कप दिला. त्या जखमेवर तू मीठ चोळलंस, फोन करून. मी अजूनही म्हणतो, तू चुकलास. आता या पोराबद्दल विचारशील तर तो ज्या दिवशी म्हणेल आज नको, त्या दिवशी नको. कुणी एक शब्द बोलायचा नाही. हा नियम फक्त त्याच्यापुरता. लेनर्डला लागू नाही.

मे महिन्यात पॉपनं खुर्ची सोडली, तेव्हा तू एवढा मोठा मेसेज लिहिलास आणि मी नुसता अंगठा टाकला. काय लिहिणार? १९९६ पासून एकच माणूस. १३९० विजय, पाच कप. गेल्या नोव्हेंबरात स्ट्रोक आला तेव्हाच वाटलं होतं. आता मिच जॉन्सन, वय ३८. कोच आपल्यापेक्षा लहान आहे सुन्या! डंकन आपल्यापेक्षा मोठा होता, पार्कर बरोबरीचा, आता कोचसुद्धा धाकटा. डोक्यावर कुणी उरलं नाही.

एक मात्र पॉपचं राहील. ड्रेसिंग रूममधली ती पाथरवटाची पाटी. शंभर घाव घातले तरी दगडाला चीर जात नाही, एकशेएकाव्याला फुटतो, खरं काम आधीच्या शंभरांचंच. टीममध्ये ज्या ज्या देशाचा खेळाडू असेल त्याच्या भाषेत ती लावायची. मी परवा हे उद्यमबागेत चहा पिताना सांगितलं तर परश्या म्हणतो, आपल्याकडं असती तर साठ टक्के कन्नड कुठाय म्हणून कुणीतरी काळं फासलं असतं, आणि उरलेल्या चाळिसात मराठी का नाही म्हणून आपण मोर्चा काढला असता. दगड तसाच राहिला असता. कॅसलचा वाढदिवस १ नोव्हेंबर, हेपण परश्यानंच शोधून काढलं. म्हणाला, विचार त्याला, राज्योत्सव की काळा दिवस? म्हटलं, एकवीस पुरी होणार आहेत त्याला, केक कापू दे.

तुझं काय चाललंय? घराचं काम झालं काय? व्हिसाच्या त्या लाख डॉलरच्या बातमीनं इकडं काकी घाबरून गेल्या होत्या. ते फक्त नवीन अर्जांना आहे असं मी त्यांना सांगून आलो, तूपण एकदा फोन कर. वहिनींना नमस्कार. छोटी मराठी बोलते की विसरली? तुमच्या टॅरिफनं आमच्या ऑर्डरी ढिल्या पडल्यात, दुसरी शिफ्ट बंद केलीय, बघू. सहा महिने निघतील.

आता कामाचं. पहिलीच मॅच डॅलसमध्ये आणि तुझ्याकडं तिकीट, हे नशीब म्हणायचं की अन्याय? तुमच्याकडं २२ तारखेची रात्र, आमच्याकडं २३ ची सकाळ, सात वाजता. म्हणजे बरोबर भाऊबीज. आक्काला सांगून ठेवलंय, ओवाळणी दहानंतर. ती म्हणाली, पोरगं आणि भाऊ दोघंही टीव्हीसमोरच असणार, तर मी तिथंच ताट घेऊन येते. करंट गेला नाही म्हणजे मिळवली.

तुमच्या डॅलसच्या त्या नवीन पोराची, कूपर फ्लॅगची पहिली मॅच, तेव्हा गर्दी त्याला बघायला येणार. लुकासारखा हुकमी खेळाडू विकून वर १.८ टक्केच शक्यता असलेली लॉटरी लागते, डॅलसवाल्यांचं नशीब मी बोलून खराब करत नाही. तू मात्र तासभर आधी जा आणि आपल्या पोराचा वॉर्मअप बघ. टीव्हीवर ते दाखवत नाहीत. उजवा हात डोक्यावरून पूर्ण सरळ जातो की मधेच थांबतो, डंक उजव्यानं मारतो की डाव्यानं, पडला तर कुठल्या हातावर उठतो, आणि मॅच चालू असताना बाकावर बसल्यावर खांदा चोळतो काय. व्हिडिओ काढत बसू नकोस, डोळ्यांनी बघ. फॉक्स कोट घालून बाकावर बसलेला दिसला तर माझ्यातर्फे हात कर, तेवढं मोठं मन आहे माझं.

आणि मॅच चालू असताना एक मेसेज टाकायचा नाही. माझं लीग पासवरचं प्रक्षेपण तुझ्यापेक्षा मागं चालतं. २०२३ मध्ये आपल्या पोराच्या पहिल्याच मॅचला तू "अरे बापरे" लिहिलंस आणि मी इकडं काय झालं म्हणून छाती धरून बसलो, आणि निघालं काय तर नुसता ब्लॉक. फक्त खांद्याचं काही असेल तर फोन कर, मेसेज नको. बाकी हरलो-जिंकलो ते माझं मी बघतो.

कुंदा पाठवतोय, परश्याचा मेहुणा २० ला निघतोय. अर्धा किलो तुला, अर्धा वहिनींना. तू सगळा खाल्लास तर मला कळतं.

तुझा,
बंड्या