तुमचं ‘पास’ सर्टिफिकेट आणि आमची दोन भुतं

प्रति,
सेवा विभागप्रमुख

तुमच्या हेल्पलाइनवर आज चौथ्यांदा चाळीस मिनिटं घालवून हे लिहितो आहे. सिग्नल अ‍ॅनालायझर तुमचाच, तेव्हा तो काय करतो हे समजावत बसत नाही.

कॅलिब्रेशनसाठी तो सतरा दिवस तुमच्याकडे होता. परत आला, सोबत सर्टिफिकेट : पास. आम्ही भोसरीत एक्स-बँड रडारचे मॉड्यूल तपासतो. ९.५ गिगाहर्ट्झवर ५०० मेगाहर्ट्झ रुंदीचा चर्प, म्हणजे फ्रिक्वेन्सी सरकत जाणारी पल्स. या रुंदीत ३० सेंटिमीटर अंतरावरच्या दोन वस्तू वेगळ्या दिसतात, आणि गिऱ्हाईक पैसे त्या ३० सेंटिमीटरचेच मोजतं. पण यंत्र परत आल्यापासून पल्स कॉम्प्रेस केली, म्हणजे गणिताने एका शिखरात दाबली, की शिखराच्या दोन्ही बाजूंना, बरोबर १.२ मीटरवर, एकेक भूत, म्हणजे नसलेल्या वस्तूचं शिखर, उभं राहतं. दोन आठवडे आम्ही मॉड्यूललाच शिव्या घातल्या. एक चांगलं मॉड्यूल उघडून बसलो.

मग फेजचा, म्हणजे लहर किती पुढे-मागे सरकते त्याचा, फ्रिक्वेन्सीनुसार आलेख काढला. दर १२५ मेगाहर्ट्झला एक लाट, पट्ट्यात चार. भुतं या लाटांचीच. अ‍ॅनालायझरचं केंद्र ५० मेगाहर्ट्झने सरकवलं, लाटा स्क्रीनवर जागच्या हलल्या नाहीत. केबलमधलं परावर्तन असतं तर त्याही तेवढ्याच सरकल्या असत्या. म्हणजे दोष तुमच्या आयएफमध्ये, सिग्नल खालच्या फ्रिक्वेन्सीवर आणून मोजणाऱ्या आतल्या भागात.

हे सगळं मी तुमच्या ‘वरिष्ठ’ इंजिनिअरला सांगितलं. पलीकडे बराच वेळ कीबोर्डची टकटक. मग, “सर, कनेक्टर नीट टाइट केलाय का?” टॉर्क रेंचने, ०.९ न्यूटन-मीटर. “आजूबाजूला वायफाय आहे का?” अहो, ९.५ गिगाहर्ट्झवर वायफाय! “एकदा बंद करून चालू करून बघा.” बघितलं. अर्धा तास तापवून, अलाइनमेंट चालवूनही बघितलं. पुन्हा टकटक. आणि मग, “सर, सर्टिफिकेटवर पास आहे ना? मग मशीन ओके आहे. तुमचा सिग्नलच तसा असेल.”

तुमचा सिग्नलच तसा असेल! पोरांनी हे लॅबच्या फळ्यावर लिहून ठेवलंय.

ते सर्टिफिकेट मी वाचलं. तुमच्याकडे कुणी वाचलं असेल असं वाटत नाही. सगळी मापं सीडब्ल्यूवर, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीच्या अखंड सिग्नलवर, एकेका फ्रिक्वेन्सीला, केंद्रावर घेतलेली. त्यावरून पातळी कळते. पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेज कशी वाकते, हे त्यातून सात जन्मांत कळणार नाही. त्याला कॉम्ब जनरेटर लावावा लागतो, जो कंगव्याच्या दातांसारख्या अनेक फ्रिक्वेन्सी एकदम देतो आणि ज्याच्या प्रत्येक दाताची फेज आधीच मोजलेली असते. फेजच्या रकान्यात तुम्ही आडवी रेघ मारली आहे. बिलात मात्र ‘वाइडबँड आयएफ रिस्पॉन्स, मॅग्निट्यूड व फेज’ अशी ओळ आहे, आणि तिच्यापुढे रेघ नाही, रक्कम आहे.

तुमचा २००१ सालचा पॉवर मीटर आमच्याकडे अजून चालतो. त्याच्याकडे बघून हा अ‍ॅनालायझर घेतला होता, हे आता सांगायलाही लाज वाटते.

यंत्र तुमच्या खर्चाने न्या. फेज मोजा आणि आकडे अनिश्चिततेसकट द्या. एएमसीचा हप्ता तोवर थांबवला आहे. पंधरा दिवसांत हललं नाही, तर सर्टिफिकेट आणि बिल, दोन्ही एकाच पाकिटात तुम्हाला मान्यता देणाऱ्या संस्थेकडे जातील. आणि फोन केलात तर कनेक्टरबद्दल विचारू नका. टाइट आहे.

ता. क. : उघडलेल्या मॉड्यूलचा फोटो जोडला आहे. झाकणाला सोळा स्क्रू होते. त्याचं बिल वेगळं पाठवतो.