सोळा इंचांचे आभार

आदरणीय काका,
सा. न.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "आधी चहा सांग" म्हणून विषय मोडता. म्हणून हे उघड पत्र. नौपाड्यातल्या आमच्या फ्रेमच्या दुकानात ज्यांची ये-जा आहे, त्यांना नाव न घालताही तुम्ही कोण ते कळेल.

काकूंचा फोटो घेऊन आलात तेव्हा माझे दिवस बरे नव्हते. पट्टीवाल्याचा नवा रेट व्हॉट्सअ‍ॅपवर आला की पोटात गोळा यायचा. सिंथेटिक पट्टी थर्माकोलच्याच जातीच्या प्लास्टिकची, तिचा भाव कच्च्या तेलामागे धावणार. काचेची भट्टी रात्रंदिवस पेटती ठेवावी लागते. 2022 मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं, गॅस भडकला आणि झळ काचेला लागली. तेव्हापासून बसलेली घडी काही पुन्हा जागेवर येईना. आणि मी? गिऱ्हाईक शेजारी जाईल या धास्तीने बाबांच्याच भावात चार-दोन रुपये वाढवून काम ओढत होते. दिवाळीआधी दुकानात पाय ठेवायला जागा नाही, गल्ल्यात मात्र खडखडाट.

फोटो बारा बाय अठरा, पट्टी तुम्ही निवडलीत दोन इंची. मी भाव सांगितला. एरवी लोक म्हणतात, "काहीतरी कमी करा." तुम्ही म्हणालात, "हा आकडा आला कुठून?" वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात जन्मभर कॉस्टिंग केलेल्या माणसाला मी सांगितलं, "अंदाजाने."

मग तुम्ही स्टुलावर बसलात आणि माझ्याच खाकी कागदावर पेन्सिलीने चौकोन काढलात. फोटोचा घेर साठ इंच, मी पैसे लावत होते साठचेच. पण पट्टी पंचेचाळीस अंशात कापली की प्रत्येक तुकड्याला दोन्ही टोकांना पट्टीच्या रुंदीइतकी लांबी जादा लागते. चार तुकडे, आठ टोकं, दोन इंच: सोळा. साठ नव्हे, शहात्तर इंच! प्रत्येक फ्रेममागे सोळा इंच मी फुकट वाटत होते. बाबांच्या काळी अर्ध्या इंचाच्या पट्ट्या चालायच्या, त्यात हे चार इंच खपून जायचे. (बाबांना हे सांगितलं तर ते अजून मान्य करत नाहीत.)

माझी पट्टी साडेनऊ फुटी, म्हणजे 114 इंच. शहात्तर गेले की अडतीस उरतात, ते माळ्यावर फेकायचे. तुम्ही म्हणालात, "त्यात चार बाय सहाची फ्रेम बसते, छत्तीस इंचांत." आज दाराशी टांगलेल्या छोट्या फ्रेम त्याच माळ्यावरच्या आहेत. फ्रेमच्या पाठीला लागणाऱ्या एमडीएफचंही (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) तेच, शीट आठ बाय चार फुटी. बारा इंचांची बाजू शीटच्या लांबीला लावून मी सोळा तुकडे काढत होते. तुम्ही मापं फिरवलीत, वीस निघाले.

आता पावतीवर "भाव पंधरा दिवसांपुरता" असा शिक्का असतो. पहिल्या दिवशी तो मारताना हात थरथरला होता, पण एकाही गिऱ्हाइकाने हूं की चूं केलं नाही. एक गोष्ट मात्र मी तुमची ऐकली नाही. शाळकरी पोरांच्या सर्टिफिकेटांना अजून जुनाच भाव आहे. रागवा हवं तर.

आणि काकूंची फ्रेम न्यायला आलात तेव्हा मी आधी सांगितलेलेच पैसे मागितले. तुम्ही खिशातून तो खाकी कागद काढलात, चष्मा लावलात, आणि सोळा इंचांचे जादा पैसे काउंटरवर मोजून ठेवलेत. तो कागद आता माझ्याकडे आहे. पातळ पट्टीत, काचेखाली, मशीनच्या वर.

तुमची,
फ्रेमवाली