चित्राखाली तारीख आणि भरतीची वेळही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गोदावरीच्या मुखाशी समुद्राने जमीन गिळल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. सोबत उपग्रहाची दोन चित्रे, एक जुने, एक नवे, आणि मध्ये भला मोठा बाण. भूमी अभिलेख खात्यात माझा जन्म मोजणीत गेला, त्यामुळे नजर आधी तारखेकडे जाते. चित्रांखाली नुसती सालं होती.

त्रिभुज प्रदेशात एवढ्याने भागत नाही. तिथला किनारा सपाट. उतार शंभरास एक धरला, तर पाणी १ मीटर चढले की काठ १०० मीटर आत सरकलेला दिसतो. लँडसॅट मालिकेतला एकेक उपग्रह १६ दिवसांनी एकदा, सकाळी ठरलेल्या वेळी वरून जातो. भरती काही त्याच्यासाठी थांबत नाही. एक चित्र ओहोटीचे आणि दुसरे भरतीचे निघाले, तर न गेलेली जमीनही गेलेली दिसणार. शिवाय १९७२च्या पहिल्या लँडसॅटचा एक ठिपका जमिनीवर सुमारे ८० मीटरचा, आताच्या सेंटिनेल-२ या उपग्रहाचा १० मीटरचा. असे दोन नकाशे शेजारी ठेवून आमच्या कचेरीत कुणी हद्द कायम केली असती, तर दुसऱ्या दिवशी अपील दाखल झाले असते!

बातमीत 'लाल पडलेला भाग' धोक्याचा म्हटला आहे. तो लाल रंग बहुधा मुखाजवळच्या कोरिंगाच्या खारफुटीचा असावा. हिरवी पाने अवरक्त किरण जोरात परतवतात आणि अशा चित्रांत त्या किरणांना लाल रंग देण्याची पद्धत आहे. म्हणजे तिथे झाडे चांगली जिवंत आहेत.

जमीन जात नाही, असे मी म्हणत नाही. १९७६ ते २००१ या काळातली उपग्रहचित्रे ताडून आंध्रातल्या संशोधकांनी सुमारे १,८०० हेक्टरांची निव्वळ घट दाखवली आहे, आणि बोट ठेवले आहे ते वरच्या धरणांत अडणाऱ्या गाळावर. बातमीत धरणांचा उल्लेखच नाही. त्यांत आमचे जायकवाडीही आले, तेही १९७६ सालचेच. उन्हाळ्यात नाथसागर ओसरला की इथे गाळ भरायला ट्रॅक्टरांची रांग लागते. माझ्याही शेतात तो पडला आहे आणि कपाशी झकास येते. पण त्यातला बारीक गाळ पुरात वाहत गेला असता, तर काही भाग आंध्रातला धवळेश्वरमचा बंधारा ओलांडून गौतमी-वसिष्ठा या गोदावरीच्या फाट्यांच्या मुखापर्यंत पोचला असता. मुखाची चित्रे छापता, तेव्हा वरच्या धरणांत किती गाळ साचला त्याचे आकडेही शेजारी द्या.

आणि पुढच्या वेळी चित्राखाली तारीख, वेळ, तेव्हाची भरती-ओहोटी आणि ठिपक्याचा आकार एवढे चार तपशील असावेत. जागा कमी पडली तर बाण काढावा.

आपला,
एक निवृत्त भूकरमापक, पैठण